चुंचीचा सागरगोटा

एक होती चिचुंद्री. एवढीश्शी. नाव चुंची. पान हललं तरी दचकायची!

बांधावर खेळ रंगला होता. भुईमुगाच्या शेंगा मातीत उभ्या केल्या होत्या. लांबून सागरगोटा सोडायचा. गडगड गडगड! शेंगा पाडायच्या. जो पाडील, त्यानंच परत उभ्या करायच्या.

चुंचीची पाळी आली. सगळे बघत होते. छाती धडधड, धडधड. चुंचीनं डोळे गच्च मिटले. सोडला सागरगोटा!

गडगड गडगड... टुप्प!

गेला कोरड्या पाटात. खेकड्याच्या बिळात.

खार म्हणाली, "अगं, डोळे मिटून कुणी टाकतं का? जा, घेऊन ये. अजून एकदा टाकायचंय तुला. पण ऊन गेलं की खेळ बंद हं!"

चुंची निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

"खेकडेदादा, खेकडेदादा, सागरगोटा दे ना! माझी पाळी होईना. ऊन गेलं तर?"

"बीळ सुकलंय माझं. आधी पाट वाहू दे."

लुटुलुटु लुटुलुटु.

"पाटोबा, पाटोबा, वाहा ना! खेकडा सागरगोटा देईना, माझी पाळी होईना. ऊन गेलं तर?"

"पाला तुंबलाय. आधी शेळीला खाऊ दे."

लुटुलुटु लुटुलुटु.

"शेळीताई, शेळीताई, पाला खा ना! पाट वाहीना, खेकडा सागरगोटा देईना, माझी पाळी होईना. ऊन गेलं तर?"

"बॅंऽऽ! बांधलंय मला. आधी रेवूला सोडू दे."

रेवू म्हणजे शेळीवाली मुलगी. बसली होती गाल फुगवून.

"रेवूताई, रेवूताई, शेळी सोड ना! शेळी पाला खाईना, पाट वाहीना, खेकडा सागरगोटा देईना, माझी पाळी होईना. ऊन गेलं तर?"

"नाही जा! मला कुणी खेळायलाच घेत नाही. आधी मला पाळी दे."

चुंचीनं मागं वळून बांधाकडे पाहिलं. एकदाच तर टाकायचं उरलं होतं! आणि ऊन? एवढुसंच.

ती हळूच म्हणाली, "बरं. माझी घे."

रेवूनं शेळी सोडली. शेळीनं पाला खाल्ला, कचाकचा. पाट वाहिला, खळाखळा. खेकड्यानं सागरगोटा दिला, टुण्णकन!

रेवूनं टाकला. धडाधड! सगळ्या शेंगा आडव्या! तिनं पाडल्या, तिनंच उभ्या केल्या. भराभरा.

"ऊन आहे अजून! चुंचे, ये लवकर. आता तू!" रेवू म्हणाली.

छाती धडधड, धडधड. पण चुंचीनं डोळे टक्क उघडे ठेवले.

गडगड गडगड... टुक!

एक शेंग पडली. एकच!

"पाडली गं पाडली!" खार ओरडली. चुंची दचकली. मग खुदकन हसली.

लुटुलुटु गेली. आपली शेंग आपणच उभी केली.

ऊन गेलं घरी, गोष्टही गेली घरी.