खांद्यावरचं कोकरू

वसईतल्या त्या कॅथलिक शाळेत नववी 'क' म्हटलं की सगळे नाक मुरडत. प्रिस्का टीचरना मात्र आपल्या वर्गाचा भारी अभिमान.

वर्षअखेरच्या सभेत नव्या मॅनेजर फादरनी ऐटीत जाहीर केलं, "यापुढे नववीत मागे पडणाऱ्यांच्या हाती दाखला द्यायचा. दहावीचा निकाल कसा झळकेल! आणि हो, फाटकाजवळचा मेंढपाळ येशूचा पुतळाही रंगवून घेऊ."

'क'ची पोरं मान खाली घालून बसली. टीचर ताडकन उठल्या.

"फादर, रंगवण्याआधी येशूच्या खांद्यावरचं कोकरू तेवढं उतरवा."

"ते कशाला?"

"मागे पडलं होतं, म्हणूनच त्यानं ते उचलून घेतलंय."

फादरचे कान लाल झाले.

"राहू द्या कोकरू," ते पुटपुटले, "आणि मुलंही."

टीचर वळल्या. "नववी क, माना वर!"