पलीकडून येणारा सूर

फार फार वर्षांपूर्वी, सयाम देशात, एका रुंद नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. अलीकडचे लोक चुला उडवत. हा माणसाएवढा, पाच टोकांचा पतंग, आणि त्याच्या दोरीला बांबूच्या आकड्या. पलीकडचे पाकपाओ उडवत. ही इवलीशी, लांब शेपटीची. भातकापणी झाली की वारा सुटे आणि चुला पाकपाओला आकड्यांत धरून आपल्या काठावर ओढून आणू पाही. आणली की गावभर ढोल.

नव्या सुनेलाही तिथे असंच वाजतगाजत आणत.

अशीच एक सून पलीकडून आली होती. वर्ष सरेपर्यंत माहेरी जायचं नाही, अशी रीत. तिचा बाप पतंग करी. यंदा त्याने आपल्या पाकपाओच्या माथ्यावर वेताची धनुकली बांधली होती. वाऱ्यावर ती घुमे. रोज दुपारी नदीवरून तो सूर येई आणि तांदूळ निवडता निवडता सून थांबे. बाबा बरे आहेत, एवढंच तिला कळे. तेवढं पुरे.

"कान तिकडे आणि खडे इकडे," सासू म्हणे. पण राहिलेले खडे स्वतःच वेचून टाकी.

नवरा पट्टीचा चुलावाला. बायको आकाशाकडे बघते, हे त्याने हेरलं. का बघते, हे विचारलं नाही. काही माणसांना विचारण्यापेक्षा आणून देणं सोपं वाटतं. एका दुपारी त्याने नेमकी तीच पाकपाओ आकड्यांत धरली, दोरी तोडून ओढून आणली आणि बायकोच्या मांडीवर ठेवली.

"घे. तुझ्या माहेरची. आता इथेच राहील."

तिने धनुकलीवर हलकेच फुंकर मारली. सूर निघाला नाही.

"अहो, ही इथे गप्पच राहणार," ती म्हणाली. "आणि तिकडे बाबांच्या हातात नुसती दोरी उरली असेल."

तो पाकपाओ घेऊन न जेवताच होडीत बसला. पलीकडे म्हातारा काठावरच होता, तुटलेली दोरी मुठीला गुंडाळून.

"ती बरी आहे ना?" त्याने जावयाला एवढंच विचारलं. "दोरीला ताण आला, की वाटायचं, पोर ऐकतेय."

जावयाने खाली मान घालून पाकपाओ त्या दोरीला जोडली, स्वतः गाठ मारली. घरी येऊन आपल्या चुलाच्या आकड्या काढून टाकल्या. गाव त्याला बोळक्या चुलावाला म्हणू लागलं. म्हणू दे, म्हणाला.

दुसऱ्या दुपारी सुनेच्या आधी सासूचेच हात सुपात थांबले.

"आज जरा उशीर झाला, नाही गं?" ती म्हणाली. तेवढ्यात सूर आला.

लहानांनो, आणि मोठ्यांनोही, ध्यानात ठेवा: आपल्या माणसाला जे दुरून जगवतं, ते तोडून त्याच्या हाती देणं म्हणजे माया नव्हे.