कड्यापलीकडची बॅटिंग

पाव्हणं, त्या कड्याच्या टोकाला उभं राहू नका. इकडं सरका, सावलीत बसा. आणि सकाळी पहिल्या ओव्हरला तुमच्यातलं कुणीतरी हसलं, ते काही बरं झालं नाही. स्टंपांना बॅट टेकवून ठेवलेली, क्रीजमध्ये कुणी नाही आणि बोलर आपला मन लावून बॉल टाकतोय, हा नव्या माणसाला येडेपणा वाटणारच. पण आमच्या सड्यावरची, या कातळाच्या माळावरची, ही पोरांची स्पर्धा त्या ओव्हरशिवाय सुरू होत नाही. कारण विचारलंत, तर सांगतो.

माझ्या वडिलांच्या लहानपणची गोष्ट. तेव्हा चषक नव्हता, की पंच नव्हते. वरच्या वाडीची पोरं आणि खालच्या वाडीची पोरं, एवढंच. बॉल सगळ्यांत मिळून एक. एका दुपारी दरीतून धुकं वर आलं आणि कुणाच्यातरी टोल्यानं तो बॉल कड्यावरून खाली गेला. संपला खेळ, म्हणून पोरं तोंड पाडून उभी राहिली. तर म्हणे धुक्यातून बॉल परत आला. कुणीतरी फेकल्यासारखा, थेट किपरच्या हातात.

खाली पाय ठेवायलाही जागा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण खेळाच्या नादात पोरांना कशाचं भान असतंय! बॉल जायचा, परत यायचा. वरच्या वाडीचा कप्तान यशवंता खुशीत येऊन ओरडला, "शाब्बास गड्या! थांब, तुलाबी बॅटिंग देतो!"

इथंच घात झाला. दिवस कलला, पोरं दमली आणि दिलेला शब्द विसरून घरी निघाली. दिवसभर फिल्डिंग करून घ्यायची आणि बॅटिंगच्या वेळी घर गाठायचं, पोरांच्या जगात याच्याएवढा अन्याय नाही. वाडीत पोचल्यावर यशवंताच्या लक्षात आलं, धाकटा भाऊ भिवा मागंच राहिलाय.

तो धावत वर आला. भिवा कड्याच्या अगदी कडेला, कॅच घ्यायला धरतात तशी ओंजळ धरून उभा. पाय उचलत नव्हते. रडत म्हणाला, "दादा, त्यो म्हंतोय, माझी बॅटिंग झाल्याबिगर ह्याला सोडत न्हाय."

यशवंताला पळून जावंसं वाटलं असणार, मला तर नुसतं सांगतानाही वाटतं. पण भावाला टाकून जायचं कुठं? त्यानं स्टंपांना बॅट टेकवली आणि रिकाम्या क्रीजकडं बॉल टाकायला लागला. बॅट जागची हलत नव्हती, पण दर बॉलला म्हणे टक् असा आवाज यायचा आणि बॉल गडगडत त्याच्या पायाशी यायचा. शेवटचा मात्र कड्यावरून गेला तो गेलाच. तेव्हा कुठं भिवा मटकन खाली बसला. यशवंतानं हात जोडले. "दरसाली पहिली ओव्हर तुझी. आन् हितं फिल्डिंग केलेलं एकबी पोर बॅटिंगबिगर घरला जाणार न्हाय. पर आमच्या पोरांना हात लावू नगंस."

तो भिवा म्हणजे माझे वडील. पार म्हातारे झाले तरी शेजारी कुणी लाकूड फोडायला लागलं आणि तसाच टक् आवाज आला, की दाराआड जाऊन बसायचे.

म्हणून आमचे नियम वेगळे. चौदा वर्षांखालची पोरं, दहा ओव्हरचा सामना. पण जिंकलं तरी सामना थांबत नाही. फिल्डिंग केलेल्या प्रत्येकाच्या हातात बॅट आली पाहिजे, तीही ऊन उतरायच्या आत.

आजही हा शब्द मोडायची आमच्यात कुणाची छाती नाही. म्हणूनच विचारतो सर, तुम्ही सामान बांधायला लागलात, पण तुमचा तो उलटी टोपीवाला पोरगा सकाळपासून नुसता पळतोय. त्याची बॅटिंग झाली का? जिंकलो म्हणून राहू दिली? अहो, काय केलंत हे! उठा, बॅट काढा. ऊन बघा कुठं गेलंय. आणि आधी हाक मारून त्याला इकडं बोलवा. कड्यापाशी उभा राहून तो मघापासून कुणाशी कॅच-कॅच खेळतोय?