तळकुंभ्याला गेलेली गाडी

नदीला अजून भिंत बांधली नव्हती, डोंगराच्या पायथ्याशी तळकुंभे गाव अजून नांदतं होतं, तेव्हाची, फार वर्षांपूर्वीची ही हकिगत.

त्या गावात तातोबा ढेबे नावाचा माणूस होता. खाली धरणाचं काम निघालं, तेव्हा तो तिथं ट्रक चालवायला लागला. खाणीतले दगड भरायचे आणि भिंतीवर नेऊन ओतायचे. भिंत चढत गेली, पाणी फुगत गेलं, आणि एका पावसाळ्यात तळकुंभे बुडालं. माणसं वर माळावर येऊन राहिली. तातोबाच्या शेजारच्या हौसाक्कानं त्याला चारचौघांत म्हटलं, "आपलं गाव तू तुझ्या हातानं बुडवलंस." त्यानंतर हौसाक्का त्याच्याशी बोलली नाही.

काम संपलं, मुकादम निघून गेले, आणि तातोबाचा ट्रक खाणीच्या कडेला भंगारात पडून राहिला. लांब नाकाचा, लाकडी केबिनचा, पुढून हँडल मारून चालू करायचा जुना ट्रक. तातोबानं आठ बैल जुंपून तो घरी ओढत आणला, अंगणातल्या जांभळाखाली उभा केला आणि इंजिन उघडलं.

बारा वर्षं तो त्या ट्रकाच्या मागं होता. इंजिनाच्या सांध्यातलं गॅस्केट मिळेना, तर जुन्या वहाणेचं कातडं कापून बसवलं. रेडिएटर गळायला लागला, तर त्यात मूठभर हळद टाकली, गळती थांबली. चाकांवरच्या स्प्रिंगचे मोडलेले पाटे लोहाराच्या भट्टीवर स्वतः तापवून आणले. असं म्हणतात, की तो इंजिनाला कान लावून बसायचा, आणि कुठला नट ढिला आहे ते इंजिनच त्याला सांगायचं. रोज सकाळी तो हँडल मारायचा, ट्रक धडधडायचा, तातोबा थोडा वेळ ऐकायचा आणि बंद करायचा.

"अरे, पण तुला जायचंय कुठं?" लोक विचारायचे.

"गावाला."

"गाव कुठं राहिलंय आता?"

"पाण्याखाली हाय. नाहीसं थोडंच झालंय?"

मग एक साल असं आलं, की पाऊसच झाला नाही. उन्हाळ्यात धरण आटत गेलं. आधी देवळाचा कळस दिसला, मग पिंपळाचं खोड, मग घरांचे चौथरे. म्हातारी माणसं काठावर येऊन बसायची आणि लांबूनच आपापलं घर ओळखायची. पण मध्ये दोन कोस गाळ होता. पायी निघालेला माणूस मांडीपर्यंत रुतला. बैल घातले, ते पोटापर्यंत गेले.

तेव्हा तातोबानं ट्रक काठावर आणला. म्हणाला, "गाळाखाली जुना रस्ता हाय. मला त्याची वळणं पाठ हायत." कुणी पुढं होईना. शेवटी हौसाक्का उठली.

"तातोबा, दगड वाहिले ते ह्याच गाडीनं का?"

"ह्याच गाडीनं, अक्का."

"मग हिनंच न्यायला पाहिजे आम्हाला."

ती चढली, तशी बाकीची चढली. सतरा म्हातारी माणसं होती. असं म्हणतात, की त्या दिवशी ट्रकाची चाकं गाळाला टेकलीच नाहीत. तळकुंभ्याच्या पारापाशी गाडी थांबली आणि जो तो चौथऱ्यांच्या दगडांवरून आपल्या घराकडे गेला. कुणी चुलीच्या जागी बसलं, कुणी दाराच्या दगडावर कपाळ टेकलं. हौसाक्कानं पदरानं आपला उंबरा पुसला आणि माहेरी आल्यासारखी पाय पसरून बसली.

एकटा तातोबा उतरला नाही. इंजिन बंद पडलं, तर त्या गाळात उभं राहून हँडल मारणं जमणार नव्हतं. तो दोन तास पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून बसून राहिला. त्याचं घर पन्नास पावलांवर होतं. त्यानं ते केबिनमधूनच पाहिलं, असं म्हणतात, आणि एकदाही डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर होते.

परत काठावर आल्यावर सतरावं माणूस उतरलं, आणि इंजिन आपोआप थांबलं. झाकण काढून बघतात तर रेडिएटरमध्ये पाण्याचा थेंब नाही, सगळा कोरडा खडखडीत. मग गाडी आली कशी? ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

सगळे तिथं जमलेले असताना हौसाक्कानं पदराची गाठ सोडली. आत गंजलेली दाराची कडी होती.

"तुझ्या घराची हाय," ती म्हणाली. "तू उतरणार न्हाईस, ठाऊक होतं मला."

तातोबा कडी हातात धरून बॉनेटला टेकून उभा राहिला, इंजिन निवेपर्यंत.

तो ट्रक पुन्हा चालू झाला नाही. पुढं पाऊस झाला, तळकुंभे परत झाकलं गेलं, आणि काही वर्षांनी तातोबाही गेला.

आमच्या ह्या माळावरच्या गावात आजही कुणी नवं वाहन घेतलं, ट्रॅक्टर असो नाहीतर टेंपो, तर पहिली खेप तातोबाच्या नावानं म्हाताऱ्या माणसांची असते. ते म्हणतील तिथं न्यायचं. गेल्या साली एकानं पिकअप आणली, तेव्हा पुढं गावातली म्हातारी गोदाआत्या बसली. कुठं जायचं, असं विचारल्यावर तिनं पाण्याकडे बोट केलं. रस्ता काठापर्यंतच आहे. गाडी तिथवर गेली, आणि "चला आता" असं आत्या स्वतः म्हणेपर्यंत कुणी घाई केली नाही.