मुख्य प्रतीचं कुलूप

नाशिकच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सगळ्यांचा कोड सर्व्हरवरच्या एका मुख्य प्रतीत एकत्र होत असे. त्या प्रतीला निमकर साहेबांनी परवानगीचं कुलूप लावलं होतं. "माझ्याशिवाय इथलं अक्षरही हलणार नाही," असं ते येईल त्याला ऐकवत.

एका सकाळी पाहिलं, तर त्या प्रतीतून सगळ्यांचं महिन्याचं काम नाहीसं! कुणीतरी त्यावर जुनाच कोड जबरदस्तीने चढवला होता.

"ही नवी पोरगी, तेजल! हिचाच प्रताप," साहेब गरजले. "उद्यापासून येऊ नकोस."

प्रत्येकाच्या संगणकावर एकेक प्रत होती, त्यामुळे काम परत मिळालं असतं. तेजलची नोकरी मात्र कुठून परत मिळणार? ती उठली.

"सर, माझ्या हातून कसं झालं, ते सगळ्यांसमोर करून बघते. म्हणजे पुन्हा कुणाकडून व्हायला नको."

"बघ की!" साहेब खुर्चीत रेलले.

तिने आणखी जुना कोड चढवायचा आदेश दिला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, 'परवानगी नाही.' शेजारच्या श्रीरंगने आपल्या संगणकावर करून पाहिलं. तेच उत्तर.

तेजलने कीबोर्ड हळूच साहेबांपुढे सरकवला. "आम्हाला काही जमत नाही हो, सर. तुम्ही करून दाखवता का?"

साहेबांचा हात काही पुढे आला नाही.

"आधी काम परत आणा," ते पुटपुटले. "आणि तू... उद्या वेळेवर ये."