समोरच्या कार्डाने अडवलेला निरोप

एकदा एका अत्तराच्या व्यापाऱ्याने एका वृद्ध गुरुजींच्या शिष्येला संगणकावर कार्डांचा संच करायला सांगितला. एकेका कार्डावर एकेक सुगंध: वाळा, केवडा, बकुळ. संच उघडताच बासरी वाजावी आणि फुलं मंद डोलू लागावीत, अशी योजना होती. तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम. ते साधलं तर पुढची वाट मोकळी होती.

सगळं जमलं, तेव्हा हौसेने तिने सर्वांच्या पुढे आणखी एक कार्ड घातलं. त्यावर धुक्यातली कमान, संच उघडला की हळूहळू उजळणारी. त्या उजेडात शिष्या स्वतःच हरवून गेली. पण त्यानंतर बासरी मुकी झाली, फुलं थिजली.

"दार सुरेख आहे हो बाई," व्यापारी म्हणाला, "पण घरात कुणी राहतं का? संध्याकाळपर्यंत जाग आली नाही, तर मी दुसरीकडे जाईन."

ती गुरुजींकडे आली. "फुलांसाठी लिहिलेल्या आज्ञा पुन्हा पुन्हा तपासल्या, गुरुजी. एक अक्षर चुकलेलं नाही."

"मग त्या बिचाऱ्या फुलांना कशाला छळतेस?" असं म्हणत वृद्धाने ती कमानच संचातून काढून बाजूला ठेवली. गुरुजींनी संच मिटून पुन्हा उघडला. बासरी वाजू लागली. बकुळ झुलली, केवडा डोलला.

"कमानीत काय वाईट होतं?" ती हिरमुसून म्हणाली.

"काहीच नाही, म्हणून तर तुला दिसलं नाही. संच उघडला की 'जागे व्हा' हा निरोप आधी समोरच्या कार्डाकडे येतो. त्याला त्याचं काही करायचं नसेल, तर निरोप आपसूक मागे, अख्ख्या संचाकडे जातो. बासरी, फुलं तिथे कान देऊन बसलेली. तुझ्या कमानीने तो ऐकला, ती स्वतः उजळली, आणि निरोप तिथेच विझला. ऐकणाऱ्याने तो पुढे धाडायचा असतो, हे तू तिला सांगितलंच नाहीस. लाव परत तुझी कमान. मी काही ती खाल्ली नाही."

तिने कमान पुन्हा पुढे ठेवली. उजळण्याच्या आज्ञेखाली एक ओळ लिहिली: निरोप पुढे पाठव. मग संच उघडला. धुकं पांगलं, आणि उजेडाच्या पाठोपाठ आतून सूर असे आले, की पहाट कुठे संपली नि बासरी कुठे सुरू झाली, हे तिला कळेना. संध्याकाळ व्हायच्या आत ती संच घेऊन व्यापाऱ्याकडे निघाली.

ज्यांना उजाडल्याचं आधी कळतं, त्यांनी आपल्यापुरतं उजळून थांबू नये. मागे माणसं अजून निजलेली असतात.