गजाचा वैताग

संस्थानं होती त्या काळची गोष्ट. राजवाड्याच्या वाद्यशाळेत एक दुर्मीळ व्हायोलिन होतं. कुणीही आलं की ते सुरू व्हायचं, "माझे पहिले मालक गोव्याचे पाद्री, दुसरे पलटणीचे बँडमास्तर, मग खुद्द राणीसाहेब! पाठ बघा, अखंड फळीची! मानेवर सिंह कोरलाय!" ऐकून ऐकून त्याच्या तारांवर फिरणारा गज पार विटला होता.

एकदा गायिका यमुनाबाई साथीसाठी वाद्य निवडायला आल्या. "जरा 'सा' दे पाहू," त्या म्हणाल्या.

"देईन की! पण आधी ऐका, माझे पहिले मालक..."

"अरे बाबा, सा लाव!" गज कळवळला.

व्हायोलिन सांगत सांगत राणीसाहेबांपर्यंत पोचलं, तोवर बाई शेजारची सारंगी घेऊन निघूनही गेल्या.

"माझी किंमतच कळली नाही त्यांना," व्हायोलिन फुरंगटलं.

"कळायला आधी वाजायला नको?" गज म्हणाला.